बिनसावलीचा मास्तर

आमच्या सरांनी अकरावीच्या इंग्रजीचा पहिला आठवडा एकाच शब्दावर घालवला. शब्द होता 'अंब्रेज'. हा शब्द आमच्या पुस्तकात कुठेच नव्हता, हे आम्हांला आठवडा संपल्यावर कळलं. तोवर सगळ्यांच्या वह्यांची चार-चार पानं भरली होती आणि पहिला धडा जिथल्या तिथे होता.

"अंब्रेज म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. इंग्रजी माध्यमातून आलेली एक मुलगी पुढच्या बाकावर होती, ती ताडकन उभी राहिली. "राग, सर. कुणाचं बोलणं मनाला लावून घेणं."

"बरोबर. आणि त्याआधी?"

"त्याआधी काय, सर?"

"त्याआधी सावली."

मग त्यांनी फळ्यावर एका कोपऱ्यात 'उम्ब्रा' असं लिहिलं. हा लॅटिन शब्द. झाडाची सावली, ढगाची सावली, माणसाची सावली. मेलेल्या माणसालाही रोमन लोक तेच म्हणायचे, कारण मेल्यावर माणसाचं तेवढंच उरतं अशी त्यांची समजूत. जेवायला बोलावलेला पाहुणा न बोलावलेल्या एखाद्याला सोबत घेऊन आला, तर त्या दुसऱ्याचंही नाव उम्ब्रा. पुढे फ्रेंचांनी तो शब्द घेतला. त्यांच्याकडे सावलीला बुजणाऱ्या घोड्याला याच शब्दातून नाव पडलं. तिथून तो इंग्रजीत आला, तेव्हा आधी त्याचा अर्थ नुसता पानांची गर्द सावली असा होता. छत्रीचं इंग्रजी नावही याच घरातलं.

"पण सर, सावलीचा राग कसा झाला?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

"कोशवाले तीन पायऱ्या सांगतात. आधी सावली, मग संशय, मग राग." सर थांबले आणि खडूकडे बघत म्हणाले, "माझ्या आजीला मधली पायरी लागली नसती."

वर्ग हसला. का हसतोय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण नवीन वर्ग सरांच्या कुठल्याही वाक्याला हसतो. मी हसले नाही. मी त्या माणसाला ओळखत होते, आणि लहानपणापासून मला त्याची भीती वाटत होती.

मी गडमुडशिंगीची. आमच्या घरापुढं सारवलेलं मोठं अंगण, त्याला कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीला लाकडी फाटक. घराचं तोंड मावळतीला. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी, बारा वाजून गेले की, एक माणूस त्या फाटकाबाहेर येऊन उभा राही. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, काखेत काळी छत्री. डोक्यावर ऊन रणरणत असायचं आणि हा छत्री मिटून उभा. तो आपल्या पायांकडे बघत राही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग साडेबाराच्या सुमारास फाटक उघडून आत येई, अंगणाच्या बरोबर मध्यावर थांबे आणि आमच्या बंद दाराकडे बघे. हाक नाही, खाकरणं नाही. दोन-तीन मिनिटांनी तसाच, पाठ न फिरवता, उलट्या पावली बाहेर जाई. फाटक लावी आणि एस्टीच्या थांब्याकडे चालू लागे.

दार आई आधीच लावून घ्यायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी शेताकडं फिरकत नसत. दाराच्या आतल्या अंगाला, कडीवर हात ठेवून, ते उभे राहत. तो माणूस आत येऊ नये म्हणून आप्पा दार धरून ठेवतात, असं मला वाटायचं.

सात-आठ वर्षांची असताना एकदा मी खिडकीच्या फटीतून बघितलं. अंगण नेहमीचंच होतं, पण काहीतरी चुकलेलं होतं. काय ते कळायला मला वेळ लागला. म्हशीच्या खुंट्याला सावली नव्हती. भिंतीला नव्हती. आणि अंगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसाच्या पायाशी काहीच नव्हतं. कागदातून कापून कुणीतरी तिथं चिकटवला असावा, तसा तो दिसत होता.

"आई, त्याला सावली न्हाय!"

आईनं माझं तोंड दाबलं. "बगू नगं तिकडं. त्यो वर्षातनं एकदाच येतोय तसा."

त्या 'तसा'नं माझी झोप उडाली. पुढचे आठ दिवस मी एकटी न्हाणीत गेले नाही. गावातली पोरं त्याला 'बिनसावलीचा मास्तर' म्हणायची. म्हणजे तो कोल्हापुरात कुठंतरी मास्तर आहे, हे पोरांनाही माहीत होतं. पण मास्तर असणं आणि भूत असणं यात त्या वयात काही अडचण वाटत नव्हती.

तर तो माणूस आता खडू हातात घेऊन आमच्या वर्गात उभा होता.

पहिले काही दिवस मी फक्त त्यांच्या पायाकडं बघितलं. सावली होती. खिडकीतून ऊन आलं की इतरांसारखीच फरशीवर पडायची. पण तिला घेऊन सर ज्या पद्धतीनं वावरायचे, ते बघून भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. कुणावरही ती पडू द्यायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. सकाळी ऊन पाठीमागून असताना कुणी समोरून आलं तर ते रस्ता ओलांडून पलीकडं जात. बाकांच्या मधून चालताना, आपली सावली एखाद्या वहीवर सरकायला लागली की पाऊल जागच्या जागी थांबे. दारातून आत येताना मागून उजेड असेल तर तिरपे होऊन येत. कॅन्टीनमध्ये ते कधी दिसले नाहीत, आणि डबा खायचे ते भिंतीकडं तोंड करून. इतकी वर्षं वर्गात शिकवून त्यांनी एकाही पोराच्या पाठीवर हात ठेवला नसेल.

एकदा एका टवाळ पोरानं मैदानात मुद्दाम त्यांच्या सावलीच्या डोक्यावर पाय दिला. सर थांबले. तो पाय काढीना, हे हालेनात. शेवटी त्या पोराचंच तोंड उतरलं. सरांनी अगदी नम्रपणे विचारलं, "झालं?" तो पोरगा पुढं आठवडाभर कॉलेजला आला नाही. घरी त्याच्या आईनं त्याची दृष्ट काढली, असं ऐकलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सूर्यग्रहण आलं. शहरभर दारं बंद, रस्ते ओस. सरांनी सुट्टी लागायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "ज्यांना शब्द बघायचाय त्यांनी सकाळी कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी या." आलो आम्ही दोघीच. एक मी, आणि दुसरी ती इंग्रजी माध्यमवाली, जी पंधरा मिनिटांत रडवेली होऊन परत गेली.

त्या भिंतीसमोर एक जुनं चिंचेचं झाड होतं. त्याच्या पानांतून येणारं ऊन पांढऱ्या भिंतीवर पडायचं. ग्रहण वाढत गेलं तसे त्या भिंतीवरचे उन्हाचे गोल ठिपके कापले जाऊ लागले. थोड्या वेळानं भिंतभर नुसत्या चंद्रकोरी उमटल्या, शेकडो, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, आणि वारा आला की सगळ्या एकदम हालायच्या. पाखरं गप्प झाली. उन्हाचा रंग धुतल्यासारखा झाला. माझी सावली एका कडेला धारदार आणि दुसऱ्या कडेला पुसट दिसायला लागली. मी सरांकडं बघितलं, तर ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्या कोरी त्यांच्या शर्टावर, तोंडावर, डोळ्यांवर फिरत होत्या.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण मी गडमुडशिंगीची, आणि भीती वाटली की आमच्याकडं माणूस मोठ्यानं बोलतो. मी विचारलं, "सर, तुम्ही आमच्या अंगणात का येतासा?"

ते हसले नाहीत आणि दचकलेही नाहीत. "भूगोल शिकलीस का? सूर्य वर्षातनं दोनदा कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टात. त्या दुपारी दोन-तीन मिनिटं इथं कुणालाच सावली नसते. तुलाही नसते."

म्हणजे ते भूत नव्हते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण सावली नसलेली नेमकी मिनिटं हुडकून माणूस दर वर्षी परक्या अंगणात येऊन उभा राहतो, हे मला भुतापेक्षा भयंकर वाटलं. भुताला निदान दुसरं काही करता येत नाही.

"मग ऑगस्टात का येत न्हाई?"

"ऑगस्टात ढग असतात. ढगाच्या आडनं कुणीही जाईल."

"आणि रात्री?"

"रात्री चोर जातात," सर म्हणाले, आणि भिंतीकडं वळून कोरी मोजायला लागले.

का येता, याचं उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

बारावीनंतर मी इंग्रजीच घेतलं आणि सरांच्या खोलीवर जायला लागले. शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागं, माडीवर त्यांची एक खोली होती. लग्न केलेलं नव्हतं. खाली पोरं जोर-बैठका काढायची, फुटबॉलची मॅच असली की हलगी कडाडायची, आणि वर सर आपल्या शब्दाचे कागद लावत बसलेले असायचे. खोलीतला दिवा छताच्या मध्यावर होता आणि त्याच्या बरोबर खाली त्यांची बैठक. भिंतीवर काही हालू नये म्हणून ती सोय होती. आलेल्या माणसाला ते आपल्या जवळ बसवत नसत, भिंतीला टेकून बसायला सांगत.

अंब्रेज हा शब्द जिथं जिथं वाचनात आला, तिथलं वाक्य ते एका चिठ्ठीवर उतरून घेत. वर अर्थ, मध्ये वाक्य, खाली ते कुठं आणि कुणाच्या तोंडी सापडलं ते. अशा हजारो चिठ्ठ्या चपलांच्या रिकाम्या खोक्यांत लावलेल्या होत्या. प्रत्येक अर्थाचं खोकं वेगळं. पानांची सावली, पुसट आकार, संशय, राग. खोकी चाळताना त्यांची बोटं भराभर चालायची. "चिठ्ठी खोटी लिहायची नाही," ते सांगत. "माणूस बोलला तसं लिहायचं. आपल्याला काय वाटलं ते लिहायचं नाही."

एका रविवारी त्यांनी मला शेवटचं खोकं साफ करायला दिलं. त्यात सगळ्यात खाली एक चिठ्ठी होती. कागद पिवळा पडलेला, अक्षर लहान मुलाचं वाटावं असं गोल. वर अर्थ लिहिला होता, 'राग'. मध्ये मराठीत एक वाक्य, 'तुझी सावली पुन्हा या अंगणात पडता कामा नये.' आणि खाली, जिथं ठिकाण लिहायचं तिथं, माझ्या गावाचं नाव आणि माझ्या आज्ज्याचं नाव.

मी चिठ्ठी होती तशी ठेवली. सरांनी बघितलं आणि दुसरं खोकं पुढं ओढलं. मी कसाबसा चहा प्यायले आणि एस्टी पकडली.

संध्याकाळी आप्पा गोठ्यात धार काढत होते. मी सरळ विचारलं, "आप्पा, आज्जानं त्या मास्तरला काय केलंतं?"

आप्पांनी चरवी बाजूला ठेवली. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं मनात घोकलेलं असावं.

सर आणि आप्पा गावच्या शाळेत एका वर्गात. सर वेशीबाहेरच्या वस्तीतले, पण इंग्रजीत पहिले. आप्पांना इंग्रजी येईना म्हणून आप्पांनीच त्यांना घरी बोलावलं. सर म्हणाले, नको, तुझा बा ओरडेल. आप्पा म्हणाले, "काय हुत न्हाई, ये की." दोघं अंगणात पुस्तक उघडून बसले. आज्जा त्याच अंगणात जेवत होता. सर वाऱ्यानं उडालेलं पान धरायला उठले आणि त्यांची सावली आज्ज्याच्या ताटावरून गेली. आज्ज्यानं ताट तसंच भिंतीपलीकडं भिरकावलं आणि ते वाक्य बोलला. सरांनी आप्पांकडं बघितलं.

"आणि तुम्ही?"

"मी पुस्तकात बगत बसलो," आप्पा म्हणाले. "मीच बोलावलंतं त्याला. एवढं म्हणायचं हुतं, मी बोलावलंय म्हणून. न्हाई म्हणालो."

पुढं सर शिकायला बाहेर गेले, नोकरीला लागले आणि एका मे महिन्यात अंगणात येऊन उभे राहिले. तेव्हा आज्जा जिवंत होता. ओसरीवर बसलेल्या आज्ज्यानं आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग पायाकडं. हुकूम मोडलेला नव्हता. सावली पडलेली नव्हती. आज्जा शिव्या द्यायला उठला आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. त्यानंतर तो मरेपर्यंत दुपारचा अंगणात बसला नाही. उतारे टाकले, लिंबं ओवाळली, पुढच्या मे महिन्यात मास्तर हजर.

"मग तुम्ही दार का धरून ठेवता आप्पा? आज्जाला जाऊन इतकी वर्षं झाली."

"धरून न्हाई ठेवत." आप्पा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "उघडायला बगतो. कडीवर हात ठेवतो, आता उघडायची, आता म्हणायचं ये. तवर त्यो जातोय."

मला त्यांचा राग आला. इतका की त्या रात्री मी जेवले नाही. पण तेव्हा मला कळलं, त्या दोन-तीन मिनिटांत दाराच्या दोन्ही बाजूंना काय चालायचं ते. आणि एवढंच हवं होतं आप्पांना, मरायच्या आधी एकदा ते दार उघडून 'ये' म्हणायचं.

हे व्हायला माझं लग्न ठरावं लागलं. लग्न मे महिन्यात, पण सरांच्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी. सर निवृत्त झाले होते, केस सगळे पांढरे झाले होते, तरी येणं चुकलेलं नव्हतं. आप्पांच्या डोक्यात एक कल्पना आली. लग्नाचा मांडव त्यांनी सरांच्या येण्याच्या दोन दिवस आधीच घालून घेतला. मांडववाला म्हणाला, "पावणं, एवढ्या लवकर कशाला?" आप्पांनी त्याला गप्प केलं. भिंतीपासून ओसरीपर्यंत सगळं अंगण कापडाखाली झाकून गेलं.

"आता वर ऊनच न्हाई," आप्पा मला हळूच म्हणाले. "ऊन न्हाई म्हंजे सावली न्हाई. मिनटं मोजायला नगंत. घटकाभर टेकंल, पाणी पील."

"आप्पा, झकास की! लई डोकं लावलंसा," मी म्हणाले. खरंच म्हणाले. इंग्रजीत एम.ए. झालेली, सरांच्या हाताखाली तयार झालेली मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. आजही ते आठवलं की माझं मलाच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

त्या दिवशी दार उघडं होतं. मांडवाच्या मध्यावर आप्पांनी खुर्ची मांडली, शेजारी तांब्या आणि गुळाचा खडा. सर बारा वाजून दहा मिनिटांनी आले. फाटकाशी थांबले. या वेळी ते पायांकडं बघत नव्हते, मांडवाच्या कापडाकडं बघत होते.

"ये की," आप्पा म्हणाले. पन्नास वर्षांनी तोंडातून निघालेला शब्द, आवाज चिरकला.

सर वर्गात शुद्ध बोलत. त्या दिवशी ते गावचं बोलले. "लगीन कवा हाय पोरीचं?"

"पंधरा दिसांनी."

"मग आज कशाला मांडव?"

"तुज्यासाठीच रं. उन्हात हुबा ऱ्हातोस दर साली. आता सावलीच पडत न्हाई इथं. निवांत बस. कितीबी येळ बस."

सरांचा चेहरा कधी फारसा बदलायचा नाही. तेव्हाही बदलला नाही. "एवढं आंगण झाकलंस," ते म्हणाले, "माजी एक सावली पडू ने म्हणून?"

आप्पांनी मान वर करून कापडाकडं बघितलं.

"मी दर साली तुज्या बाचा शबुद पाळून येत हुतो. तुज्या डोळ्यापुढं पाळत हुतो. कवातरी तू त्यो मोडशील म्हणून. तुज्या बानं शबुदच टाकला हुता नुसता. तू त्येला छप्पर घातलंस."

साडेबारा व्हायला अवकाश होता. सर थांबले नाहीत. त्यांनी पाठ फिरवली. त्या अंगणासमोर त्यांची पाठ आम्ही पहिल्यांदाच बघितली.

आप्पा सरांसाठी मांडलेल्या खुर्चीत मटकन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत आमचे चेहरे करडे दिसत होते. मग आप्पा उठले, गोठ्यातून विळा आणला आणि मांडवाचे दोर कापायला लागले. आई धावली, हाताला लोंबकळली. "आवं, लगनाचा मांडव तोडत्यात व्हय? पोरीचं वाटोळं करतासा का?" पलीकडच्या चार बायका भिंतीशी जमल्या. आप्पांनी एकेक दोर कापला आणि कापड अंगणात कोसळत गेलं. लग्नाआधी मांडव पडलेली मुलगी नांदत नाही म्हणतात. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी आईला मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आणि मी शिवाजी पेठेत गेलो. सरांनी दार उघडलं, आम्हांला भिंतीला टेकून बसायला सांगितलं. आप्पा बसले नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "लगनाला ये. उन्हातनं ये. तुला वाटंल तवा ये. सावलीसकट ये." आणि मग लहान मुलासारखं नाक ओढून, "मी बोलावलंय."

सरांनी खोक्यातल्या चिठ्ठ्या बोटांनी चाळल्या. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "पोरीला वेळेत घरी ने," एवढं म्हणाले.

लग्न बिनमांडवाचं झालं. अक्षता देवळात पडल्या, पण पंगती आमच्या उघड्या अंगणात, मे महिन्याच्या उन्हात. लोक डोक्यावर टॉवेल टाकून जेवले आणि आप्पांना नावं ठेवत हात धुवून गेले. सासरकडचे तर माझ्याकडं असे बघत होते की, या घरात वेड आहे की काय. पंगतीवर पंगती उठल्या. सर आले नाहीत. प्रत्येक पंगतीला आप्पा फाटकाकडं बघत होते आणि मी आप्पांकडं.

मुलीच्या बापानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतं. साडेपाच वाजून गेले होते, मला न्यायला आलेल्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अंगणात घरचीच दहाबारा माणसं ताटांवर बसली होती. आप्पा मधोमध, फाटकाकडं तोंड करून. त्यांनी पहिला घास उचलला आणि हात तसाच थांबला.

सारवलेल्या जमिनीवरून एक लांबलचक सावली आत येत होती. माणूस अजून फाटकाबाहेरच होता. मी लग्नाच्या शालूत, हातात हिरवा चुडा घालून उभी, आणि लहानपणासारखाच माझ्या अंगावर काटा आला. सावलीचं डोकं खरकट्या पत्रावळींवरून सरकत आलं. पंगतीतल्या एका चुलत आज्ज्यानं आपलं ताट मागं ओढून घेतलं.

सावली आप्पांच्या ताटावर आली. भात, वरण, बुंदी, सगळं काळवंडलं. सर फाटकात थांबले होते आणि यावेळी ते पायांकडं बघत नव्हते, आप्पांच्या हाताकडं बघत होते.

आप्पांनी तो घास तोंडात घातला. चावला. मग दुसरा घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते जेवत होते, सावकाश, एकेक शीत, कुणी मुद्दाम बघत असल्यावर माणूस जेवतो तसे. जीपचा हॉर्नही थांबला होता. सगळा भात संपेपर्यंत सर जागचे हालले नाहीत.

मग ते अंगणातून चालत आले. कुणाच्या ताटावर सावली पडते, कुणाच्या अंगावर, हे न बघता सरळ आले. छत्री भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आप्पांच्या शेजारी उभे राहिले.

"सरक की जरा," सर म्हणाले.

आप्पा सरकले.